सुईच्या टोकाएवढं मलम

घड्याळजी कोणाला घाबरत नसत. घाबरले ते स्वतःच्या नखांना. चाळीस वर्षं याच नखांनी त्यांनी झाकणांच्या फटी चाचपल्या, तिळाएवढे स्क्रू उचलले. आता नखांवर टोचल्यासारखे खड्डे पडले होते, कडा पिवळ्या होऊन मांसापासून सुटल्या होत्या. गिऱ्हाइकं घड्याळ काउंटरवर ठेवून हात झटकन मागे घेत.

"सोरायसिस आहे, दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेझरने नखाला बारीक भोकं पाडू, म्हणजे मलम आत मुरेल. लेझर महिन्यातून एकदा, मलम रोज दोनदा. एकट्या लेझरवर भिस्त ठेवू नका."

लेझरच्या वेळी घड्याळजींनी बायकोचा हात असा काही आवळला, की ती ओरडली, "लेझर तुम्हाला, आणि बोटं माझी मोडायची!"

तीन महिने झाले, फरक शून्य. एके सकाळी स्क्रू बोटांतून निसटला आणि ते जमिनीवर रांगत तो शोधू लागले. दुकानाला कुलूप लागलेलंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. चौथ्या खेपेला ते बायकोसोबत दवाखान्यात गेले, ते 'आता उपाय नाही' हेच ऐकायच्या तयारीने.

"मलम दाखवा," बाई म्हणाल्या. ट्यूब टम्म भरलेली होती. "नवी आणलीत?"

"नाही, पहिलीच."

"लावता तरी कसं?"

घड्याळजींनी खिशातली घड्याळात तेल सोडायची सुई काढली, टोकावर कणभर मलम घेतलं आणि नखाच्या मुळाशी अलगद ठिपका ठेवला. "जास्त झालं की यंत्र बंद पडतं."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, बोटांत काय चाकं फिरतायत तुमच्या?"

बाईही हसल्या. घड्याळजींनी मात्र सुई बाजूला ठेवली. "मग उशीर झाला का हो? गेलं का सगळं?"

"नख सावकाश वाढतं. पुढचे सहा महिने नीट लावा. हमी देणार नाही, पण आशा सोडू नका." त्यांनी लेझर उरकलं आणि मलम नखभर, कडांसकट चोपडलं. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ट्यूब बायकोच्या ताब्यात गेली.

दहाव्या आठवड्यात एका दुपारी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठ्याचं नख त्याखाली धरलं. मुळाशी सेकंदकाट्याएवढी पट्टी गुळगुळीत दिसत होती. भिंगच खोटं दाखवत असेल म्हणून त्यांनी ते पुसलं, पुन्हा पाहिलं. मग पट्टीला धक्का लागू नये म्हणून अंगठा मुठीत झाकून ते तसेच बसून राहिले.