आईच्या खोलीतला एसी

आईला अर्धांगाचा झटका आला, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पहिल्यांदा एसी आला. तोपर्यंत आमचं कूलरवर भागत होतं. पण घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिलच्या दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. डॉक्टर म्हणाले, यांना घाम येऊ देऊ नका, पाठीला जखमा होतील. दुसऱ्याच दिवशी दादा दुकानात जाऊन एसी ठरवून आले. वडिलांना आम्ही लहानपणापासून दादाच म्हणतो.

आईची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. सगळ्या शब्दांतून एवढंच उरलं होतं, 'असू दे'. पाणी देऊ का विचारलं तरी असू दे, दुखतंय का विचारलं तरी असू दे. त्यातलं कोणतं हो आणि कोणतं नाही, हे फक्त दादांना कळायचं. मी अंदाजानं वागायची आणि पुष्कळदा चुकायची.

मी जालना रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी करते. सकाळी नऊला निघायचं, यायला साडेसहा व्हायचे. दिवसभर आईजवळ दादाच. अकरा ते पाच एसी, संध्याकाळी तिला खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणायचं, रात्री कूलर. रविवार माझा. त्या दिवशी मी दादांना खोलीत येऊच द्यायची नाही, बाहेर निवांत झोपा म्हणायची.

एसी येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तेव्हा एका संध्याकाळी दादा म्हणाले, एसी सारखा बंद-चालू होतोय. बाहेरचं युनिट धडधडत सुरू होतं, चार-पाच मिनिटांत खट् करून थांबतं, थोड्या वेळानं परत सुरू. त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागं पेन्सिलीनं वार घालून वेळा लिहून ठेवल्या होत्या. बारा वीसला बंद, बारा पंचविसला चालू, साडेबाराला बंद. असं सारखं झालं तर कॉम्प्रेसर जळतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली होती.

मग ते त्या एसीच्या मागं लागले. जाळ्या काढून रोज धुवायला लागले. गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटवर बादलीनं पाणी मारलं, मागची धूळ ब्रशनं काढली. त्याला ऊन लागतं म्हणून वर हिरवी जाळी बांधली. रिमोटचे सेल बदलले, स्टॅबिलायझर तपासला. कशानंच फरक पडला नाही. रविवारी मात्र मी दिवसभर आईजवळ बसले आणि एसी अगदी शहाण्यासारखा चालला. मी गमतीनं म्हटलं, दादा, माझ्यासमोर बरा वागतो. ते हसले नाहीत. जेवून उठले आणि पुन्हा जाळी धुवायला घेतली. आपण उगाच बोललो असं मला वाटलं.

ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. पन्नाशीचा, शांत माणूस, अर्धं मराठी अर्धं दखनी बोलणारा. तो दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी, मी घरी असताना. गॅसचं प्रेशर बघितलं, वायरी बघितल्या, अर्धा तास चालवून बघितला. सगळं ठीक. एवढ्या खोलीला दीड टनाचा एसी जरा मोठाच आहे, पण म्हणून इतक्या लवकर बंद व्हायला नको, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या खेपेला दादांनी त्याच्या हातात कॅलेंडरचं पान दिलं. त्यानं ते बराच वेळ वाचलं आणि मग मला विचारलं, "ताई, यात रविवारच्या वेळाच नाहीत. त्या दिवशी इथं काय वेगळं असतं?"

मी म्हटलं, काहीच नाही, फक्त दादांऐवजी मी असते. तो म्हणाला, मग मी शुक्रवारी दुपारी येतो, तुम्हीपण थांबा.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. मेकॅनिक दोनला येणार होता, मी दीडलाच पोचले. आई झोपली असेल म्हणून बेल न वाजवता किल्लीनं दार उघडलं आणि तिच्या खोलीच्या दारातच थांबले.

सत्तरी ओलांडलेले दादा स्टुलावर उभे होते. हातात त्यांचं पांढरं उपरणं होतं. एक टोक त्यांनी पडद्याच्या दांडीला बांधलं, दुसरं भिंतीवरच्या खिळ्याला, आणि मधला भाग एसीच्या तोंडासमोर नीट पसरून सोडला. मग एकेक पाय टाकत खाली उतरले. आईच्या चादरीखाली हात घालून तिचे तळवे चाचपले, थोडा वेळ हात तसाच ठेवला. आई झोपेतच होती. ते खुर्चीत बसले आणि पेन्सिल घेतली. पाचच मिनिटांत बाहेरचं युनिट खट् करून थांबलं. दादांनी वेळ लिहिली.

मी आत जाऊन हळूच विचारलं, हे काय बांधलंय?

"वारा सरळ तिच्या अंगावर पडतो गं," दादा म्हणाले. "लई गार. तिला कूस बदलता येत नाय, पांघरूण वर ओढता येत नाय. पाय बर्फासारखे पडतात तिचे."

एसीच्या तोंडाची पट्टी त्यांनी वर करून बघितली होती, पण खोली एवढीशी, वारा समोरच्या भिंतीवर आपटून तिच्यावरच यायचा. रिमोटवरचा आकडा वाढवला तर तिची पाठ घामानं ओली व्हायची. म्हणून पाय गार पडले की हा उपाय. पाचला एसी बंद केला की उपरणं सोडून घडी करून कपाटात ठेवायचे. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, यात सांगण्यासारखं काय आहे.

मी आईच्या पायथ्याशी बसले. चार रविवार मी त्या खोलीत बसले होते. एसी छान चालतोय म्हणून खूश होते, मोबाइल बघत होते. मध्येच आईला विचारायची, बरं वाटतंय ना? ती म्हणायची, असू दे. ते हो आहे असं मी धरून चालले होते. तिच्या पायाला हात लावून बघावा, हे एकदाही सुचलं नव्हतं. त्या वेळी मला रडू आलं, पण दादा समोर होते म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले.

मेकॅनिक आला. दारातूनच त्याला उपरणं दिसलं. तो हसला नाही. आधी आईकडं बघितलं, मग दादांकडं, आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, गार हवा या कपड्याला लागून परत वर जाते. मशीन वरूनच हवा ओढतं आणि त्याचा सेन्सर तिथंच आहे. त्याला वाटतं, खोली गार झाली. म्हणून थांबतं."

दादांचा चेहरा पडला. तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या आणि एवढं ध्यानात आलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. मेकॅनिक म्हणाला की तोही दोनदा येऊन गेला, त्यानं तरी कुठं विचारलं, माँजी दुपारी कुठं झोपतात, हवा त्यांना लागते का. मग त्यानं स्वतः उपरणं सोडलं, घडी करून दादांच्या हातात दिलं आणि खोलीभर नजर फिरवली. एसी हलवायचं काम नाही, म्हणाला, पलंग हलवू.

पलंग समोरच्या भिंतीला होता, कारण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या हवेच्या गादीच्या पंपाचा प्लग तिथं होता. एक्स्टेंशन बोर्ड आणला. आईला जागं करून खुर्चीत बसवलं आणि आम्ही तिघांनी पलंग ओढत एसीच्या बरोबर खाली नेला. आता वारा तिच्यावरून पुढं जात होता. तिला परत झोपवलं. दादा तिच्या डोक्याशी हात धरून वारा कुठं लागतो ते बघत राहिले. मेकॅनिक पाऊण तास बसला, चहा घेतला. युनिट एकदाच थांबलं, तेही खोली खरोखर गार झाल्यावर.

पलंग फिरला तशी आईच्या समोर खिडकी आली. आमच्यासमोरच्या गच्चीवर एक बाई रोज सकाळी कुरडया वाळत घालायची. एसी सुरू व्हायच्या आधी, पडदा उघडा असताना, आई ते बघत पडलेली असायची. जूनच्या सुरुवातीला ती बाई आमच्याकडं आली, पदराखाली तळलेल्या कुरडयांची ताटली. आमची याआधी ओळख नव्हती. म्हणाली, "तुमच्या आई मला रोज डावा हात करतात. म्हटलं, एकदा जवळून भेटावं."

आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. दादांनी तिला आत नेलं आणि आपली खुर्ची तिला बसायला दिली.