आधी थंडी होऊ द्या

भाडं सोडून घरी आले की ते गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. कोणी विचारायला जवळ आलंच तर म्हणायचे, "आधी थंडी होऊ द्या. गरम असताना पाण्याचं टोपण उघडायचं न्हाई."

अंबडला आमच्या गल्लीत त्यांचं घर अगदी आमच्या समोर होतं. मी ओट्यावर बसून गोधड्या शिवते, त्यामुळे समोरचं दिसतंच, मुद्दाम बघावं लागत नाही. पांढरी छोटी गाडी, कोणाकडून तरी जुनी घेतलेली. तिच्यावर ते जालन्याची भाडी मारायचे. दवाखाना, कोर्ट, मुलगी बघायला जाणं. बायको वारलेली, एकच लेक, ती जालन्याच्या पुढे, भोकरदनच्या बाजूला हसनाबादला दिलेली. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. याच्यापलीकडे आमचं बोलणं फार नव्हतं. मला चारचौघांत बोलायला सुचत नाही आणि त्यांना गाडी सोडून दुसरं काही सुचत नसे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. एक गोष्ट त्याला पक्की पटलेली असते आणि मग तो ती सगळीकडे लावत बसतो. टँकरपाशी बायका भांडल्या की हे लांबून म्हणायचे, थंड्या होऊ द्या. आमच्या घरात आवाज चढला की दुसऱ्या दिवशी गाडी पुसता पुसता मला सांगायचे, "ताई, आत्ताच टोपण उघडू नका. वाफ अंगावर येती." मी मान हलवायचे. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्याचा फायदा त्याला होत होता.

उन्हाळा लागायच्या आधी ते गाडीचं हिरवं पाणी बदलायचे. दुकानात त्याला कूलंट म्हणतात, ते हिरवं पाणीच म्हणायचे. इंजिन थंडगार असताना, सकाळी. खाली घमेलं ठेवायचं, रेडिएटरचा खालचा पाईप सोडायचा. जुनं पाणी सगळं उतरलं की साधं घालून थोडा वेळ इंजिन चालवायचं, बंद करून परत तळहात ठेवून वाट पाहायची, परत सोडायचं. निवळ येईपर्यंत हेच. मग नवं हिरवं पाणी आणि बॅटरीत घालतात ते पाणी अर्धं अर्धं मिसळून हळूहळू ओतायचं. आतली हवा बुडबुड करत बाहेर यायची, पातळी खाली जायची, मग उरलेलं ओतायचं.

सकाळ त्यातच जायची. त्यातला अर्धा वेळ ते काठी घेऊन घमेल्याची राखण करायचे. ते जुनं पाणी गोड असतं म्हणे, आणि विषारी. जनावर चाटायला येतं आणि मरतं. माझ्या शेळीवर त्यांची विशेष नजर होती. पाणी डब्यात भरून, टोपण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे पोचवल्याशिवाय ती काठी हातातून सुटायची नाही.

बोरच्या पाण्याचं तर नावच काढायचं नाही. "आपल्याकडचं बोर म्हंजी चुना," ते म्हणायचे. "चहाच्या पातेल्याला आतून बसतो ना, बिलकुल तसा बसतो."

एका उन्हाळ्यात जावयाने चुलत बहिणीच्या लग्नासाठी गाडी नेली. लग्नाची धावपळ, ऊन, गाडीत माणसं कोंबलेली. परत आणून दिली तेव्हा दारात बाजा टाकलेल्या, भावकीतली चार माणसं बसलेली. लेकही आली होती. जावयाच्या हातात पोह्याची बशी दिली. तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "मामा, गरमीचा काटा वर चालला होता, पण मी काळजी घेतली. रोज शेतातल्या बोरचं पाणी टाकून टाकी फुल्ल ठेवली."

गाडी नुकतीच येऊन उभी राहिलेली. तळहात ठेवायला ते उठलेसुद्धा नाहीत.

"तुमच्या बोरचं पाणी जनावर पित न्हाई," ते म्हणाले, "अन् तुम्ही माझ्या गाडीला पाजलं?"

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. हे जुन्या वळणाचे, त्यांनी हसनाबादला कधी पेलाही तोंडाला लावला नव्हता. आतापर्यंत ती रीत होती. त्या एका वाक्याने त्या न प्यायलेल्या पाण्याचा अर्थच बदलला. जावयाने बशी खाली ठेवली आणि लेकीला म्हणाला, चल. दोघं एसटीने गेली.

रेडिएटर नवा बसला, गाडी सुधारली. लेक पंचमीला आली नाही. दिवाळीलाही आली नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं, एकदा जाऊन या. त्यांचं ठरलेलं उत्तर, "गरम हैत अजून. थंडे होऊ द्या." मंग जाऊ, मंग जाऊ, असं चाललं होतं. पण भाड्याने भोकरदनच्या बाजूला जायची वेळ आली की ते दुसऱ्या गाडीवाल्याचं नाव सांगायचे.

पुढे हिरवं पाणी बदलायचे दिवस आले. मी ओट्यावर बसले तेव्हा घमेलं मांडलेलं होतं, डबा आणलेला होता, आणि ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. माझा एक पट्टा शिवून झाला. ते तसेच. गाडी कालपासून हललेली नव्हती, मला माहीत होतं. शेळी घमेल्यापर्यंत जाऊन आली, तिलाही त्यांनी हटकलं नाही.

शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, ती कव्हाची थंडी झाली."

मी गाडीबद्दल बोलत होते.

त्यांनी हात काढला आणि तळव्याकडे पाहिलं. "जास्तच थंडी झाली, ताई," म्हणाले.

पाईप त्यांनी सोडलाच नाही. घमेलं आत ठेवलं, अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गाडी काढून जालन्याच्या रस्त्याला लागले. दिवस मावळायच्या आत परत आले. काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे बॉनेटवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बराबर चालली आज. काटा हलला न्हाई."

बाकीचं मला त्यांच्या लेकीने सांगितलं, अलीकडे ती घर बंद करायला आली तेव्हा. त्यांना भाडी मारणं झेपेना म्हणून ती दोघं त्यांना हसनाबादला घेऊन गेली आहेत. गाडी आता जावई चालवतो. ती माझ्या ओट्यावर बसली आणि त्या दिवसाचं बोलली.

ते दारात उभे राहिले तेव्हा तिच्या सासूने रीतीप्रमाणे पाण्याचं विचारलं, पण हे पिणार नाहीत हे धरूनच. ते म्हणाले, द्या. सासूने पाहुण्यांसाठी विकत आणतात त्या जारचं गार पाणी तांब्यात भरून आणलं. त्यांनी तांब्या तसाच परत केला.

"हे नको," म्हणाले. "बोरचं द्या."

लेकीने हौदात साठवलेलं बोरचं पाणी आणून दिलं. त्यांनी उभ्याउभ्या सगळा तांब्या रिकामा केला आणि परत पुढे धरला. दुसराही संपत आला तेव्हा आत बसलेला जावई बाहेर आला. त्याने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"बस करा, मामा," तो म्हणाला. "रेडिएटर खराब व्हईल."

हे सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मग कुलूप ओढून पाहून ती गेली.

समोर आता गाडीएवढी जागा मोकळी आहे. दुपारी तिथे भिंतीची सावली पडते. माझी शेळी तिथेच जाऊन बसते, तिला कोणी हटकत नाही. तरी एखाद्या फटफटीचा आवाज आला की ती उठून उभी राहते आणि काठी येते का ते पाहते.