तिसऱ्या ओळीतला फोटो

न्हावऱ्याच्या मल्हारीतात्यांना चौथीही मुलगीच झाली, तेव्हा त्यांनी तिचं नाव नकुशी ठेवलं आणि विषय संपवला. पोरीनं मात्र दौंडला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि शिरूरच्या आमच्या दूध संघात रोजंदारीवर लागली. मी तिथला हेडक्लार्क. पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी तोंड उघडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

संघाची वेबसाइट करायची ठरली. चेअरमन सोपानराव सगळ्यांसमोर नकुशीला म्हणाले, साइट चालू झाली की तुला कायम करतो. त्या एका शब्दावर ती सात महिने राबली. स्वतःच्या लॅपटॉपवर, जाता-येता एसटीतसुद्धा.

उद्घाटनाला आठवडा राहिला आणि चेअरमनचा भाचा साई ऑफिसात येऊन बसू लागला. याला शिकव, असा हुकूम. तिनं शिकवलंही. साइट जशीच्या तशी सर्व्हरवर टाकली तर उघडणारा पहिला माणूस ताटकळतो. म्हणून साइट आधी आपल्याच लॅपटॉपवर कंपाइल करायची, म्हणजे मूळ कोड दळून तयार फायली करायच्या, आणि तेवढ्याच वर चढवायच्या. मग मात्र त्यात अक्षर बदलता येत नाही, बदल मूळ कोडातच करायचा. पीठ झालं की त्यातून ज्वारी निघत नाही, असंही ती म्हणाली. साई रील बघत होता. तयार फायली त्यानं पेनड्राइव्हवर घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी कायम नेमणुकीची ऑर्डर त्याच्या नावानं निघाली. ती टाइप मीच केली. नकुशीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायलाही मलाच पाठवलं.

आमच्याकडे वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिकाच. नाव कुठल्या ओळीत, यावरून भावकी फुटते. उद्घाटनाच्या सकाळीच आमचे एक संचालक शंकरराव व्हाइस चेअरमन झाले, आणि दुपारी पडद्यावर त्यांचा फोटो तिसऱ्या ओळीत, नुसते संचालक म्हणून. ते स्टेजवरून उतरले, त्यांच्या मागोमाग चार संचालक उतरले. आता बोर्ड पडणार, असं जो तो बोलू लागला. साई सर्व्हरवरच्या फायली उघडून बसला. त्याला त्यात शंकररावांचं नावच सापडेना.

तासाभरात आमच्या तीन गाड्या न्हावऱ्यात. नकुशीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि चेअरमनना सरळ सांगितलं, "आप्पा, मूळ कोड माझ्याकडं हाय. आधी माझी ऑर्डर द्या, मग धा मिंटात फोटो वर घेते."

मला मनापासून आनंद झाला. वाटलं, पोरगी जिंकली.

सोपानराव तिच्याशी बोललेच नाहीत. ते तात्यांना म्हणाले, "मल्हारी, मी कवा नव्हं ते तुझ्या दारात आलोय."

तात्या उठले. आतून लॅपटॉप आणला, उपरण्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी साईच्या मांडीवर ठेवला. साईनं पासवर्ड विचारला. नकुशी पाण्याचे पेले गोळा करू लागली. तात्यांनी दोनदा सांगून पाहिलं. मग त्या म्हाताऱ्यानं आम्हा सगळ्यांदेखत डोक्यावरची टोपी काढली आणि पोटच्या पोरीच्या पायावर ठेवली.

तिनं पासवर्ड सांगितला. साईला तेवढ्यानंही जमेना, तेव्हा तिनंच फोटो वर घेतला, पुन्हा कंपाइल केलं, सर्व्हरवर चढवलं. शंकररावांचा फोन आला, आता ठीक आहे म्हणाले. चहा झाला. साईनं लॅपटॉप बगलेत मारला आणि निघाला. त्याला कुणी अडवलं नाही, मीही नाही.

तात्या गाडीपर्यंत आले. काचेशी वाकून हात जोडले. "आप्पा, पोरगी काय जास्त बोलली आसंल तर पोटात घाला. अक्कल न्हाई तिला."

नकुशी त्यांच्या मागंच उभी होती.