इंगळे मॅडमच्या पद्मिनीच्या प्लगवायरी

"जयभीम गजाननभाऊ. गाडी पुन्हा घाटातच बसली."

इंगळे मॅडमचा फोन होता. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. राजूर घाटाच्या चढावर त्यांची जुनी पद्मिनी बंद पडली होती. महिन्यात दुसऱ्यांदा.

"हँडब्रेक वढा, मागच्या चाकाले दगड लावा अन् तुमी गाडीतून उतरून कडेले उभ्या राहा. मी निंगालो."

बुलढाण्यात धाड नाक्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तेव्हा या धंद्यात मला एकतीस वर्षं झाली होती. मॅडम धाडच्या. आरोग्य खात्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, वय बहात्तर. मिस्टर गेल्यावर सगळे म्हणाले गाडी विकून टाका. मॅडमनी लायसन्स रिन्यू करून आणलं. दर पंधरा दिवसांनी त्या स्वतः गाडी चालवत मलकापूरला मुलीकडे जायच्या. येताना घाट चढावा लागतो आणि नेमकं तिथंच इंजिन मिसिंग करायचं, म्हणजे चारातला एखादा सिलिंडर काम सोडून द्यायचा.

गाडी टोचन लावून दुकानात आणली. शटर अर्धं ओढून अंधार केला, इंजिन चालू केलं आणि प्लगवायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. निळ्या ठिणग्या वायरींच्या अंगावरून पळायला लागल्या. गाडीतली कॉइल हजारो व्होल्ट तयार करते आणि प्लगवायर ती वीज स्पार्क प्लगपर्यंत नेते. वायरीचं रबर तडकलं की वीज वाटेतच गळते. सपाट रस्त्यावर भागून जातं. चढावर इंजिनावर लोड येतो आणि गाडी बसते.

आता नवीन वायरी निवडायच्या होत्या. दोन प्रकार असतात. एकात आत तांब्याची तार असते. ती दणकट असते, वर्षानुवर्षं टिकते. दुसरीत आत कार्बनचा धागा. तो विजेला थोडा अडवतो, त्यामुळे आजूबाजूला विजेची खरखर पसरत नाही, पण ओढाताण झाली की आतून तुटतो. पद्मिनीला मुळात तांब्याचीच वायर. फक्त तिच्या टोकाच्या टोप्यांमध्ये खरखर दाबणारा रेझिस्टर होता. त्या टोप्या फुटल्या होत्या. तशा टोप्या बुलढाण्यात मिळाल्या नाहीत. मी साध्या रबरी टोप्या लावल्या आणि तांब्याच्या वायरी टाकल्या. फार तर रेडिओ खरखरेल, एवढंच डोक्यात होतं. स्वतः राजूर घाट उतरून चढून आलो. गाडी खणखणीत.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला मॅडम दुकानात.

"गाडी मस्त पळून राह्यली भाऊ. पण रेडिओ लावला का नुसता भुंगा! ॲक्सिलेटर दाबला का भुंगाही वाढते."

"बॉनेट उघडतो. चालू ठेवा."

मी स्क्रू ड्रायव्हर आणायला आत वळलो. बाहेर आलो तर मॅडम चालू इंजिनावर ओणव्या झाल्या होत्या. आवाज कुठून येतो ते कान लावून ऐकत होत्या. छाती वायरींपासून वीतभर अंतरावर. मग त्या एकदम सरळ झाल्या आणि त्यांनी मडगार्ड धरलं.

"मले गरगरून राह्यलं."

इंजिन बंद केलं. त्यांना खुर्चीवर बसवलं. तोंड पांढरंफटक. दोन मिनिटांनी त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि इतकंच म्हणाल्या, "छातीत मशीन हाय माया. पेसमेकर. पाच महिने झाले."

हृदयाला ठोका द्यायला विजेवर चालणारं यंत्र, आणि समोर मी लावलेल्या, विजेची खरखर मोकळी सोडणाऱ्या वायरी.

"मॅडम, काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं गावातल्या लोकायनं चावी काढून घेतली असती. डॉक्टरनं गाडी चालवाले नाई म्हटलं नाई."

त्यांच्या पर्समध्ये पेसमेकरचं कार्ड होतं, त्यावर संभाजीनगरच्या दवाखान्याचा नंबर. मी फोन लावला. मशीन तपासणारे टेक्निशियन बोलले. त्यांनी विचारलं, इंजिन चालू होतं का, किती जवळ होत्या, किती वेळ. मी खरं ते सांगितलं.

"चालू इंजिनाच्या इग्निशनपासून दोन फूट लांब राहा, असं आम्ही पेशंटला सांगतो. सहसा मशीन स्वतःला सांभाळतं. पण चक्कर आली ना? घेऊन या. त्यांना गाडी चालवू देऊ नका."

दुकान बंद केलं. मॅडमना माझ्या गाडीत मागे बसवलं.

"तुमच्या पोरीले फोन करतो."

"आत्ता नोको. ती तिकडून रडत निंगंल. पह्यले पाहू काय होते ते."

मी ऐकलं आणि धाड मागे पडायच्या आतच पस्तावलो. रस्त्यात काही झालं तर त्या मुलीला मी काय तोंड दाखवणार होतो? आरशात सारखं मागे बघत होतो. मॅडम एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरून घड्याळ बघत बसल्या होत्या. जुनी सवय.

"किती हायेत?"

"साठ."

दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. "साठच. मशीन साठाच्या खाली जाऊ देत नाई. तुमी रस्त्यावर पाहा हो, नाईतं दोघायलेही भरती करा लागंल."

त्या डुलकी घ्यायला टेकल्या तर मला वाटे बेशुद्ध पडल्या. दोनदा मी उगाच जोरात खोकलो. दुसऱ्यांदा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "जित्ती हाय."

दवाखान्यात त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर. बोटांना ग्रीस तसंच होतं. तास झाला असेल. टेक्निशियन आले आणि मलाही आत बोलावलं. पेसमेकरमध्ये दिवसभराची नोंद राहते, ती त्यांनी लॅपटॉपवर काढली होती.

डॉक्टर म्हणाले, "मशीनने एकही ठोका चुकवलेला नाही. बीपी उभं राहिल्यावर खाली जातंय. बीपीची गोळी वाढवली होती ना गेल्या आठवड्यात? आणि सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा," मॅडम म्हणाल्या.

"बघा. वाकून उठल्यावर चक्कर येणारच."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या वायरींनी काही झालं नाही?"

"आज नाही झालं. पण चालू इंजिनावर यांनी पुन्हा वाकायचं नाही, आणि तुम्ही ती खरखर कमी करा. गाडीत बसून चालवायला माझी हरकत नाही."

"हे लिहून द्या डॉक्टर," मॅडम लगेच म्हणाल्या. त्यांनी लिहून दिलं. मॅडमनी कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

परतताना मी एक अट घातली. मुलीला सांगितल्याशिवाय गाडीची चावी देणार नाही. मॅडम भोकरदनपर्यंत माझ्यावर चिडलेल्या होत्या. मग त्यांनीच फोन लावला. मुलगी बराच वेळ आधी आईवर आणि मग माझ्यावर ओरडली. आमच्या दोघांचंही चुकलंच होतं, म्हणून ऐकून घेतलं.

चार दिवस मी कार्बनची वायर शोधली. पद्मिनीचा तयार सेट मिळेना. दुसऱ्या गाडीचा लांब सेट घेतला, मापाने कापला आणि टोकं नवीन प्रेस केली. सायलेन्सरच्या गरम पाइपाला एकही वायर लागू नये म्हणून क्लिपा लावल्या. प्लगही रेझिस्टरवाले टाकले. मॅडमना दुकानाच्या आत, दूर बसवलं आणि छोटा रेडिओ बॉनेटजवळ धरून इंजिन चालू केलं. बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. तरी माझं मन भरेना. तीनदा केलं.

त्या वायरींना दीड वर्ष झालं. त्या दर सहा महिन्यांनी मी मीटर लावून तपासतो. मॅडम मलकापूरला जातात. पोचल्यावर मुलगी मला मेसेज टाकते.

गाडी कामाला घेताना भरतो त्या जॉब कार्डवर आता एक ओळ जास्त आहे: चालवणाऱ्याच्या शरीरात काही मशीन आहे का? गिऱ्हाइकं हसतात. आतापर्यंत दोघांनी हो म्हटलं, आणि दोघांनीही आधी दुकानात दुसरं कोणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं. गाडीची हिस्ट्री मी पहिल्या दिवसापासून विचारत होतो. ती चालवणाऱ्याची विचारायला मला एकतीस वर्षं लागली.