पाकिटावर कोण राहिलं?

दामूदादा गेल्याची बातमी आली, तिला मी 'फायनल' असं उत्तर पाठवलं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, पण लपवून उपयोग नाही. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. झालं असं, की श्रावण लागला होता, गणपती तोंडावर होते आणि आमच्या मोदक पिठाच्या नव्या पाकिटाची प्रुफं दामूदादाच्या फोनवरून रोज येत होती. मीही रोज नेमाने काहीतरी खोट काढत होतो. त्या सकाळी त्याच्याच नंबरवरून चित्र आलं. चष्मा कपाळावर होता, म्हणून मला सापडत नव्हता. मधे कसलासा फोटो, दोन्ही बाजूंना फुलं, खाली बारीक अक्षरं एवढं दिसलं आणि मी लिहून टाकलं, "उत्तम. फायनल. फोटो जरा मोठा करा आणि फुलं कमी." सुनंदाने, माझ्या बायकोने, सहज फोन हातात घेतला आणि मटकन खुर्चीत बसली. "अहो... हे दादांच्या मुलीने, पूजाने पाठवलंय. दादा गेले." छातीत जळजळतंय म्हणून ओटीवर टेकले ते उठलेच नाहीत. मी घाईघाईने माझा मेसेज पुसायला गेलो, तो फक्त माझ्या फोनमधून पुसला गेला. पूजाकडे तसाच राहिला.

दामूदादा जासईचा. घरची मिठागरं होती. ती गेली, आजूबाजूला कंटेनरचे ढीग उभे राहिले आणि तरुणपणी त्याने त्याच कंटेनरवर नंबर रंगवले. पुढे संगणक शिकला आणि पनवेलच्या बाजारपेठेत फ्लेक्स बॅनरचा गाळा टाकला. हळदीचे, बारशाचे, वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे... या पट्ट्यातला माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत दामूदादाच्या हाताखालून चार-पाच वेळा तरी जायचाच. आमची गाठ पडली नऊ वर्षांपूर्वी. मी तळोज्याच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो आणि सुनंदा शेजारपाजारच्या बायकांना भाकरीसाठी, घावनासाठी तांदळाचं पीठ स्टीलच्या डब्यातून द्यायची. तांदूळ कुठला घ्यायचा, किती वेळ धुवायचा, सावलीत किती वाळवायचा, हे सगळं तिचं. मी एकच काम केलं, त्याला 'व्यवसाय' म्हणायला सुरुवात केली. व्यवसाय म्हटला की पाकीट हवं, म्हणून आम्ही दोघं त्याच्या गाळ्यात गेलो. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "कुटली गो तू?" सुनंदा म्हणाली, उरणची. "मंग भैनच झाली आमची." आणि मग माझ्याकडे वळून, "बसा दाजी." त्या दिवसापासून मी दाजी आणि ती ताय.

त्याची काम करण्याची एक रीत होती. बॅनर छापायला टाकण्यापूर्वी तो पडद्यावर आडवा हात धरायचा, गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचा आणि विचारायचा, "कोन रायला?" मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्यापासून कालच्या बाळापर्यंत नावं म्हणवून घ्यायचा. आमच्याकडे हळदीच्या बॅनरवर एक काका राहिला तर त्याची अख्खी आळी जेवायला येत नाही. एकदा माझ्यादेखत एका मुलीचा बाप तणतणत आला. बॅनरवर धाकटा भाऊच नव्हता. नावं त्याने स्वतःच दिली होती, मी समोर बसलो होतो. दामूदादा हात जोडून म्हणाला, "माज्या हातून सुटला. मी सांगतो तुमच्या भावाला." बॅनर नव्याने छापला आणि स्वतः त्या भावाच्या दारात जाऊन माफी मागून आला. मी म्हटलं, अहो, चूक त्याची होती. तर म्हणे, "दाजी, माजं काय, मी परका. माज्यावर रागावतील नि इसरतील. ते दोगं भाव हायेत."

आमच्या पिठाच्या पहिल्या पाकिटावर वर ठळक अक्षरात माझं नाव आणि त्यापुढे 'फूड्स', खाली 'प्रोप्रायटर' म्हणून पुन्हा माझं नाव. मला तेव्हा हे फारच भारदस्त वाटलं होतं. दामूदादाने हात आडवा धरला. "कोन रायला?" मी विचार करून म्हटलं, "वजन." त्याने वजन घातलं. "आनि?" "परवाना क्रमांक." तोही घातला. "आनि?" मी वजनच पुन्हा वाचून दाखवलं. त्याने सुनंदाकडे बघितलं. ती भिंतीवरचे बॅनर बघत होती. "बरं, रायला तर रायला," म्हणाला आणि छापायला दिलं. पुढे दर नव्या छपाईला हा खेळ झाला. कधी मला ग्राहकसेवेचा नंबर सुचला, कधी बारकोड. मी घरी येऊन म्हणायचो, दामूदादा माणूस सोन्यासारखा, पण किती चिकित्सा करतो! सुनंदा पीठ चाळत असायची.

मग मला मोठं व्हायची हौस आली. कोणीतरी सांगितलं, की बॅनरवाल्याकडून पाकीट करून घेतलंत तर पीठ बॅनरसारखंच खपणार. चांगली एजन्सी गाठा. एक गाठली. दोन तरुण मुलं आणि एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. अतिशय नम्र, हुशार मुलं. त्यांनी विचारलं, "सर, तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?" मी कॉलर सरळ करत म्हटलं, "साधारण माझ्यासारखा." आतून सुनंदाचा आवाज आला, "मग विकत कोण घेणार?" त्या मुलीला हसू आवरेना. मुलांनी मेहनत केली, त्यांना दोष नाही. 'परदेशी वाटायला हवं' हा हट्ट माझाच होता. पाकीट आलं ते दुधाळ पांढरं, त्यावर राखाडी, केसासारखी अक्षरं. कामोठ्याच्या दुकानदाराने ते सरळ कपडे धुण्याच्या पावडरीशेजारी मांडलं. एका बाईने म्हणे विचारलं, हे मशीनमध्ये चालतं का? आमच्या नेहमीच्या बायका 'ते भाकरीचं पीठ बंद झालं का हो?' विचारून परत जायला लागल्या. दोन महिन्यांत दुकानदाराने पुढचा माल नको म्हणून सांगितलं. सुनंदाने धुऊन वाळवलेला तांदूळ गोणीतच राहिला. ती रोज गोणीचं तोंड सोडून तांदूळ हाताने हलवून बघायची.

हे सगळं मी दामूदादापासून लपवलं होतं. बाजारपेठेत जाताना त्याचा गाळा टाळून मागच्या गल्लीने जायचो. पण त्याच कामोठ्याच्या दुकानावर तो बोर्ड लावायला गेला आणि त्याने पाकीट बघितलं. फोन आला. मी मनात दहा सबबी जुळवल्या. "दाजी, पाकीट बगितला... कागद चांगला हाय." बस, एवढंच. त्याने ठेवला फोन. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून गाळ्यात गेलो. त्याने बाक पुसला, चहा सांगितला आणि म्हणाला, "तायचं पीठ कसं हाय? तांदूल खराब तर नाय झाला?" माझी चौकशी नाही, एजन्सीची नाही... पिठाची. जुनं पाकीट पुन्हा छापलं, बायका परत आल्या, आणि यंदा मोदक पिठाचं नवं पाकीट करायचं ठरलं. माझी नऊ प्रुफं चालली होती ती त्याचीच. शेवटचा भेटलो तेव्हाही पडद्यावर आडवा हात. "दाजी, कोन रायला? बगा इचार करून." मी म्हटलं, "क्यूआर कोड." तो हसला, आणि मान हलवत क्यूआर कोड लावला.

दहाव्याला आम्ही जासईला गेलो. पूजाला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने मी सुनंदाच्या मागे मागे चालत होतो. पूजाने मला बघितलं आणि रडवेल्या डोळ्यांनी हसलीच. "काका, फोटो मोठा केला. फुलंपण कमी केली. बाबापण तेच बोलले असते." नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता, तिने स्वतः केलेला. खरंच, फोटो मोठा होता. दामूदादा त्यात आडवा हात धरायच्या आधी बघायचा तसा बघत होता. खाली शोकाकुल नावांची लांब यादी. बहिणींमध्ये 'सुनंदाताय, पनवेल' असं नाव होतं. मी माझं शोधलं. चष्मा लावून शोधलं. मग कोणी बघत नाहीसं बघून दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा शोधलं. नव्हतं. नऊ वर्षांचा चहा, नऊ वर्षांचं दाजी दाजी... आणि यादीत मी नाही. त्या माणसासाठी मला रडू आलं होतंच, पण खरं सांगतो, त्यात थोडं माझ्यासाठीही होतं. आणि तिथेच, त्या नाक्यावर, दामूदादा नऊ वर्षं कोणाबद्दल विचारत होता ते मला कळलं. एका बॅनरवरच्या यादीत एकदा राहिलो तर माझा जीव असा कासावीस झाला. सुनंदाच्या हातचं पीठ तिच्या नावाशिवाय घरोघर गेलं, आणि ती दर वेळी भिंतीवरचे बॅनर बघत उभी राहिली.

तिला काही न सांगता मी पुढच्या आठवड्यात गाळ्यात गेलो. पूजाने बाक पुसला. "काका, मोदक पीठ फायनल ना?" मी म्हटलं, "नाही गं. एक माणूस राहिलंय." तिने लगेच फाइल उघडली, बापाची पोर. माझं नाव, 'फूड्स', प्रोप्रायटर, सगळं काढायला लावलं आणि वर लाल ठळक अक्षरात घेतलं: 'सुनंदाताईंचं मोदक पीठ'.

छापून आलेलं पहिलं पाकीट मी घरी नेऊन ओट्यावर ठेवलं आणि उगाच पाणी प्यायला लागलो. सुनंदाने हात पुसले, चष्मा लावला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं... मग वजन वाचलं, परवाना वाचला, क्यूआर कोडवरून बोट फिरवलं. पाकीट उलटं करून मागची बाजूही बघितली. मग पाकिटावर आडवा हात धरला आणि थेट तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "समदी आली... दाजी रायले."