एदाफोस आणि आईची सारवलेली जमीन

बेंगळुरात मी चर्चचा पाळक व्हायला, सेमिनरीत शिकायला गेलो होतो, पण हॉस्टेलात सगळे मला नकल्या म्हणूनच ओळखायचे. ग्रीकच्या सरांची नक्कल तर एकदम हुकमी. घसा खाकरायचा आणि लांबलचक "नाऊऊऊ" म्हणायचं, की पोरं लोळायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाताळ जवळ आला होता आणि सरांनी शब्द दिला, एदाफोस. म्हणजे जमीन. तसा ग्रीकमध्ये जमिनीला रोजचा शब्द वेगळा, गे. शेत, देश, पृथ्वी, सगळं त्यात बसतं. एदाफोस म्हणजे पायाखालचा तळ. घरातली जमीन एदाफोस, जहाजाचं बूडही एदाफोस. नव्या करारात तो एकदाच येतो. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाशानं कोसळलेला पौल पुढं स्वतः सांगतो, मी एदाफोसवर पडलो. त्याच्यावरून झालेलं क्रियापदही एकदाच, यरुशलेम बघून येशू रडतो तिथं. शत्रू तुला जमीनदोस्त करतील, म्हणतो.

"नाऊऊऊ," सर म्हणाले, "आपापल्या घरचा एदाफोस कसा आहे, सांगा."

मिझोरामचा मुलगा म्हणाला, बांबूचा. केरळचा म्हणाला, सिमेंटचा. मी काहीतरी फाजील बोलायला तोंड उघडलं, तर डोळ्यासमोर आमची शनिवारची जमीन. उपासनेच्या आदल्या दिवशी आई सारवायची. शेणात तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा उमटायच्या, आणि वाळेपर्यंत आम्ही सगळे बाहेर ओट्यावर. रविवारी चर्चमधनं आलो की शर्ट काढून त्या जमिनीवर उताणं पडायचं. पाठ अशी गार व्हायची! "शेणाचा," मी म्हणालो. सरांना वाटलं, ही पण थट्टाच.

आणि आईनं मागच्या फोनला सांगितलं होतं, नाताळला तुझे मित्र येणार, म्हणून शहाबादी फरशी घालतेय. ते काम थांबवायलाच पाहिजे होतं. वर्ग सुटला तसा एसटीडी बूथवर पळालो, शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावलं आणि गावच्या पाळकसाहेबांचा जाड, नाकातला आवाज लावला.

"बाई, सलाम. जमीन उकरताय म्हणे. मला तर देवाची इच्छा दिसत नाही. नाताळानंतर बघा."

"असं होय? मग आत्ता आमच्या घरी फरशीची प्रार्थना करून चहा पितायत ते कोण?"

मेलो. "आई, जमीन तशीच राहू दे ना गं."

"आता काय राहू दे? काल बसली फरशी."

"कोणासाठी पण? माझे मित्र कुठंही बसतात. एक तर बांबूवर वाढलाय."

"मित्रांचं आपलं तुला सांगायला होतं. गुडघे वाकत नाहीत रे माझे. गेली दिवाळी झाल्यापासनं शेजारची पोरगीच सारवून जायची."

मी वर्गात ज्या रेघा आठवत बसलो होतो, त्या घरात कधीच्याच संपल्या होत्या. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"छान झालीय का?" मी माझ्याच आवाजात विचारलं.

"झालीय. पाय मात्र गारठतात. येताना घरात घालायच्या चपला आण. मऊ बघून आण."

आई आणि घरात चपला! "नंबर काय तुझा?"

"मला काय माहीत?"

मलाही माहीत नव्हता. बूथवाला अण्णा काचेवर टकटक करून लवकर आटपायला सांगत होता, "स्वल्प बेग!"

"असं कर," मी घाईनं म्हटलं, "कागदावर पाऊल ठेव, भोवतीनं पेन्सिल फिरव आणि पाठव."

"आणि वाकायचं कोणी?" आई म्हणाली. "तूच ये आणि मोज."