पाठ आदल्या दिवशी

सत्त्याण्णव साली साताऱ्याच्या आमच्या डी.एड. कॉलेजात गुणवत्तेचं वारं शिरलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं आयएसओचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं प्राचार्य आप्पासो सरांनी पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. शिक्षक घडवणाऱ्यांनाही ते हवंच, म्हणाले. आम्ही सगळ्या अध्यापकांनी माना डोलावल्या. खरं मनावर घेतलं ते एकट्या प्रियदर्शनी बाईंनी.

बाई रहिमतपूरच्या. वडील फौजेतले, त्यामुळं सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायची घरातूनच सवय. चार वर्षं हंगामी होत्या. त्या जूनमध्ये कायम होणार होत्या, फक्त आप्पासोंची सही राहिली होती.

आमच्याकडं एक रीत होती. बाहेरचं कुणी पाठ बघायला येणार असलं, की आदल्या दिवशी तोच पाठ त्याच वर्गावर घेऊन ठेवायचा. पोरं पटापट उत्तरं देतात, पाहुणे खूश. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. प्रमाणपत्रासाठी पुण्याचे तपासनीस यायच्या आदल्या दिवशीही विट्याच्या स्वप्नाली या आमच्या विद्यार्थिनीनं सरावशाळेतल्या चौथीवर अपूर्णांकांचा पाठ असाच घेतला. बाईंनी विरोध केला, तो कुणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस मागच्या बाकावर बसले. स्वप्नालीनं भाकरीचं चित्र लावलं, आणि तिनं प्रश्न विचारायच्या आतच एक पोरगं उठून म्हणालं, "पाव भाकरी, बाई."

तपासनिसांनी भुवया उंचावल्या. त्यांनी पाठावर देखरेखीला बसलेल्या प्रियदर्शनी बाईंकडं वळून विचारलं, "हा पाठ या वर्गावर पहिल्यांदाच का?"

आप्पासो बाईंकडं एकटक बघत होते. हो म्हणा बाई, एवढंच मी मनात म्हणत होतो.

"नाही," बाई म्हणाल्या. "काल झालाय."

तपासनिसांनी शांतपणे दुसरी तुकडी मागितली. स्वप्नाली रडायच्या बेताला आली होती. नव्या वर्गात तिनं विचारलं, अर्धी मोठी की पाव? एक पोरगं ठामपणे म्हणालं, "पाव. चार म्हंजी दोनापरास लय."

तिनं पाठाच्या टाचणात पाहिलं. त्यात हे उत्तर नव्हतं. बाईंकडं पाहिलं, तर त्या नुसत्या बसून होत्या. मग तिनं टाचणाचाच कागद टराटरा फाडला, एक अर्धा, एक पाव. "ही भाकरी हाय. तुला लय भूक लागलीया. कंचा तुकडा घेशील रं?"

पोरानं दोन्ही तुकडे हातात धरून पाहिले आणि हसलं. बाईही हसल्या. त्या नोकरीत मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

प्रमाणपत्र लांबलं. जूनमध्ये सही झाली नाही, बाईंची नोकरी गेली, त्यांना निरोपाचा चहासुद्धा मिळाला नाही. त्याचा संताप मला आजही येतो.

दिवाळीनंतर तपासनीस परत आले. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "त्या खरं बोलणाऱ्या बाई कुठं आहेत? पाठ दुपारी त्यांच्यासमोरच बघू."

आप्पासोंनी मला जीपमध्ये घातलं आणि रहिमतपूर गाठलं. दारात बाईंची आई, बनाबाई. "आवं सायेब, ती गावातल्या सकाळच्या शाळंवर शिकवाय गेलीया. सुट्टी झाल्याबिगर यायची न्हाई." प्राचार्य पायरीवर बसून राहिले.

बाई आल्या. आप्पासोंनी हात जोडले. कायमची ऑर्डर आजच काढतो, म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"येते," त्या म्हणाल्या. "आज वर्ग नवा आहे ना?"

आप्पासो खाली बघू लागले. आदल्या दिवशीच तो पाठ त्या वर्गावर तीनदा झाला होता.

बाई जीपकडं वळल्या नाहीत, चपला काढून घरात गेल्या.